मोटारीचे चाक आणि त्यावरचा मळ

रविवारी सकाळी मोटार धुण्याचा कार्यक्रम अनेक घरी चालतो. दोन बादल्या पाणी, थोडा साबण आणि एक जुने फडके एवढ्या सामग्रीवर गाडीचे छत, काचा आणि दारे पाहता पाहता स्वच्छ होतात. पण चाकापाशी आले की काम अडते. रिमवरची तपकिरी छटा कितीही घासली तरी जात नाही. टायर धुताना काळाभोर दिसतो, पण वाळला की पुन्हा मळकट होतो. मग शेजारचे कोणीतरी सुचवतात, "संडास धुण्याचे ॲसिड लावा, एका मिनिटात चमकेल!" दुसरे कोणी म्हणतात, "टायरला रॉकेल चोळा, नव्यासारखा होईल."

हे दोन्ही सल्ले चाकाला घातक आहेत. ते घातक का आहेत, हे समजून घ्यायचे तर आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल. चाकावर जो मळ बसतो, तो असतो तरी कशाचा?

चाक काळजीपूर्वक पाहिले, तर त्यावर निदान चार निरनिराळ्या गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे रस्त्यावरची माती. दुसरी, ब्रेकमधून निघालेली धूळ. तिसरी, डांबराचे आणि वंगणाचे ठिपके. चौथी म्हणजे टायरच्या बाजूवर दिसणारी तपकिरी छटा. ह्या चारही गोष्टींना आपण 'मळ' ह्या एकाच शब्दाने ओळखतो. परंतु त्यांचे रसायनशास्त्र अगदी भिन्न आहे, आणि चौथी गोष्ट तर खऱ्या अर्थाने मळच नव्हे!

माती : पाण्याचे काम

महाराष्ट्रात मोटारीच्या चाकावरच्या चिखलाचा रंग पाहून ती कोठून आली, हे पुष्कळदा सांगता येते. कोकणातून आणि गोव्यातून आलेल्या गाडीची चाके तांबडी असतात. तेथील जांभ्या दगडाच्या मातीत लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात, त्यांचा हा रंग. देशावरून आणि विदर्भातून आलेल्या चाकांना काळी माती चिकटलेली असते. ह्या काळ्या मातीतील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म आणि चपटे असून त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगतात. म्हणूनच पावसाळ्यात ही माती चाकाला घट्ट धरून बसते.

मातीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, पण भिजले की सुटे होतात. त्यामुळे मातीवरचा उत्तम उपाय म्हणजे भरपूर भिजवणे आणि थोडे थांबणे. वाळलेला चिखल तसाच कोरडा खरवडला, तर मात्र नुकसान होते. मातीत वाळू असते आणि वाळूत क्वार्ट्‌झ हे खनिज असते. मोज ह्या शास्त्रज्ञाच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे. साध्या काचेवरही ते ओरखडा काढू शकते, मग रिमवरच्या रंगाच्या पातळ थराची काय कथा! ज्या फडक्याने चाक पुसले त्याच फडक्याने दार पुसू नये, असे सांगतात ते ह्याच कारणामुळे.

ब्रेकची धूळ : लोखंडाचा भुगा

आता रिमवरच्या हट्टी तपकिरी थराकडे वळू. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना तबकडीचे ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक असतात. ब्रेक दाबला की तबकडीच्या दोन्ही बाजूंनी पॅड घट्ट आवळले जातात आणि घर्षणाने गाडीची गती कमी होते. पण गतीबरोबर असलेली ऊर्जा जाते कोठे?

थोडे गणित करू. गाडीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर आहे असे धरा. तिची गतिज ऊर्जा सुमारे १,३९,००० ज्यूल भरेल. गाडी केवळ ब्रेकने थांबवली, तर यातील बहुतेक ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. एक लिटर पाणी २७ अंश सेल्सियसपासून ६० अंशांपर्यंत तापवायला एवढी उष्णता पुरेल. शहरातल्या रहदारीत असे ब्रेक दिवसाकाठी शेकडो वेळा लागतात.

तबकडी ओतीव लोखंडाची असते. पॅडमध्ये राळ, धातूंचे तंतू, ग्राफाइट आणि इतर पदार्थ एकत्र दाबून बसवलेले असतात. घर्षणात दोन्ही झिजतात. त्यातून निघालेले तापलेले सूक्ष्म कण समोरच्या रिमवर आदळतात आणि चिकटतात. पुढे पाऊस आणि दमट हवा लागली की त्यांतील लोखंडाचे कण गंजतात. गंजताना ते फुगतात आणि रंगाच्या थरात पाय रोवून बसतात. हीच ती तपकिरी छटा.

ह्यावरून आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक काळी का होतात? ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे अधिक काम पुढच्या ब्रेकना करावे लागते. शिवाय मागच्या ड्रममधली धूळ पुष्कळशी ड्रमच्या आतच राहते.

ही धूळ ताजी असताना साबणाच्या पाण्याने निघते. साबणाच्या किंवा प्रक्षालकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दुसरे तेलकट पदार्थाकडे ओढ घेणारे असते. तेलकट थराने धरून ठेवलेले कण हे रेणू वेढून घेतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असेल, तर साध्या साबणाचा फेस होत नाही. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढरी साय तयार होते. अशा ठिकाणी गाडीसाठी मिळणारा शांपू, म्हणजे सौम्य प्रक्षालक, अधिक उपयोगी पडतो.

जुनी, गंजलेली धूळ मात्र ह्याला दाद देत नाही. त्यासाठी बाजारात थायोग्लायकोलेट नावाचे क्षार असलेली द्रावणे मिळतात. हे क्षार लोहाशी संयोग पावतात आणि त्यापासून जांभळट तांबड्या रंगाचे, पाण्यात विरघळणारे संयुग बनते. पांढऱ्या रिमवर हे द्रावण फवारले की जांभळे ओघळ वाहू लागतात. तो रंग म्हणजे लोहाची हजेरीच समजा. केस कुरळे करण्याच्या द्रावणातही ह्याच जातीची रसायने असतात, म्हणून दोहोंचा उग्र वास सारखा येतो. ही द्रावणे मोठ्या माणसांनीच, रबरी हातमोजे घालून, मोकळ्या हवेत आणि बाटलीवरच्या सूचना वाचून वापरावीत.

ॲसिड नको आणि सोडाही नको

आता त्या शेजाऱ्यांच्या सल्ल्याचा विचार करू. पुष्कळ मोटारींची चाके आज ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यांनाच आपण 'अलॉय व्हील' म्हणतो. ॲल्युमिनियम हा खरे तर चपळ धातू आहे. तो हवेत टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा आपोआप तयार होतो. हा पापुद्रा आतल्या धातूचे रक्षण करतो. चाकावर त्याखेरीज रंगाचा किंवा पारदर्शक लाखेसारखा थरही दिलेला असतो. पण खडा उडाला किंवा फुटपाथला चाक घासले, की तो थर जागोजाग निघतो.

ॲल्युमिनियम ऑक्साइड उभयधर्मी आहे, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. ते आम्लाशीही अभिक्रिया करते आणि अल्कलीशीही. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ह्या पापुद्र्याला भोके पाडते आणि आतला धातू खाऊ लागते. चाकाचे नट आणि ब्रेकची लोखंडी तबकडी हीसुद्धा त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. म्हणजे गंजाचा डाग काढताना आपण नव्या गंजाची तयारी करून ठेवतो!

'मग सोडा वापरू' असे कोणी म्हणेल. पण तीव्र अल्कलीचाही परिणाम तसाच होतो :

ॲल्युमिनियम + सोडियम हायड्रॉक्साइड + पाणी → सोडियम ॲल्युमिनेट + हायड्रोजन

ह्याचा सौम्य नमुना स्वयंपाकघरात दिसतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी उकळले की पातेले आतून काळवंडते. तेव्हा ज्याचा सामू ७ च्या आसपास आहे असे सौम्य प्रक्षालक हेच अशा चाकासाठी योग्य होय.

येथे एक धोक्याची सूचना अवश्य द्यायला हवी. चाके चमकवणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. हे आम्ल त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. सुरुवातीला वेदनाही जाणवत नाहीत, आणि जाणवेपर्यंत इजा खोलवर गेलेली असते. अशी द्रावणे घरी आणूच नयेत. तसेच कोणतेही ॲसिड आणि कपड्यांचे डाग घालवणारे ब्लीच एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो.

डांबर : समान समानाला विरघळवते

नव्या डांबरी रस्त्यावरून गाडी गेली की रिमवर आणि चाकामागच्या पत्र्यावर काळे ठिपके पडतात. डांबर हे हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. पाणी त्याला भिजवतही नाही. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम असा, की समान जातीचा द्रावक समान जातीच्या पदार्थाला विरघळवतो. म्हणून रॉकेलमध्ये डांबर लगेच विरघळते. खाद्यतेलाचा एक थेंब ठिपक्यावर टाकून थोडा वेळ ठेवला, तरी डांबर मऊ पडते आणि फडक्याने टिपून घेता येते. नंतर तेल साबणाने धुऊन टाकावे.

पण ह्याच नियमामुळे टायरला मात्र रॉकेल लावू नये. रबरसुद्धा हायड्रोकार्बनच आहे! त्याचे रेणू लांबलचक साखळीसारखे असतात आणि गंधकाच्या पुलांनी एकमेकांना जोडलेले असतात. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक मिसळून रबर तापवण्याची जी क्रिया शोधली, तिने हे पूल बांधले जातात. ह्या पुलांमुळे रबर रॉकेलमध्ये विरघळून जात नाही, परंतु रॉकेल शोषून फुगते आणि दुबळे होते. म्हणून डांबराच्या ठिपक्यावरचे तेलही रिमपुरतेच ठेवावे, टायरवर ओघळू देऊ नये.

टायरचा तपकिरी रंग : हा मळ नव्हे

आता राहिली टायरच्या बाजूवरची तपकिरी छटा. प्रारंभीचे टायर काळे नव्हतेच. त्यांच्या रबरात जस्ताचे ऑक्साइड मिसळलेले असल्याने ते पांढरट दिसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस असे आढळले, की रबरात काजळी मिसळली तर त्याची झीज फार कमी होते. शिवाय काजळी अतिनील किरण शोषून घेते. तेव्हापासून टायर काळे झाले.

परंतु रबराला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ओझोन. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बने यांच्यावर ऊन पडले, की जमिनीलगतच्या हवेतही ओझोन तयार होतो. त्याचे प्रमाण दहा कोटी भागांत काही मोजके भाग एवढेच असते. पण रबराच्या साखळीतील दुहेरी बंध तोडायला तेही पुरते. ताणलेल्या रबरावर ओझोनने ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडतात. टायरची बाजू सतत वाकत आणि ताणत असल्याने तेथे हा धोका अधिक.

ह्यावर उपाय म्हणून टायर बनवतानाच रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळतात. ती रबरातून हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपत येतात. मेणाचा थर गाडी उभी असताना पांघरुणासारखे काम करतो. चाक फिरू लागले की वाकण्यामुळे हा थर तुटतो. तेव्हा ओझोनरोधक रसायने पुढे होऊन ओझोन स्वतःवर घेतात, आणि असे करताना तपकिरी होतात. म्हणजे तो तपकिरी रंग ही रबरासाठी खर्ची पडलेल्या पहारेकऱ्यांची खूण आहे!

तो रंग साबणाने आणि मऊ ब्रशाने अधूनमधून धुतला तर काही बिघडत नाही. आतून नवा पुरवठा येतच असतो. पण दर आठवड्याला तीव्र द्रावक चोळून टायर काळाकुट्ट ठेवण्याचा हट्ट धरला, तर रबराजवळचा हा साठा वायाच जातो. टायरला चमक आणणारी द्रव्ये केवळ शोभेची असतात. लावायचीच असली, तर पाण्यात बनवलेली निवडावीत, आणि ती टायरच्या बाजूवरच लावावीत. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर किंवा ब्रेकवर ती लागली, तर घर्षण कमी होऊन गाडी घसरू शकते. दुचाकीच्या टायरला तर ती लावूच नयेत. वळणावर दुचाकी कलते आणि टायरची कडही रस्त्याला टेकते.

चाक धुण्याची रीत

एवढे समजल्यावर चाक कसे धुवावे, हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

गाडी सपाट जागी, सावलीत उभी करावी. इंजिन बंद असावे आणि हँडब्रेक ओढलेला असावा. प्रवासाहून आल्या आल्या चाक धुऊ नये. तापलेल्या तबकडीवर थंड पाणी पडले, तर ती असमान आकुंचन पावते, आणि साबणही चटकन वाळून त्याचे डाग राहतात. चाक हाताला गार लागेपर्यंत थांबावे.

चाके आधी आणि बाकीची गाडी नंतर धुवावी, म्हणजे चाकाचा चिखल धुतलेल्या पत्र्यावर उडत नाही. चाकांसाठी बादली, फडके आणि ब्रश वेगळे ठेवावेत. ब्रेकची धूळ कोरडी झटकू नये आणि तोंडाने किंवा पंपाने फुंकू नये. जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याचे तंतू फुप्फुसांना अपायकारक असतात. इतर धूळही श्वासावाटे आत जाणे बरे नव्हे. ओल्या धुळीपासून हा धोका नसतो.

एका वेळी एकच चाक घ्यावे. प्रथम पाण्याने भिजवून दोन-तीन मिनिटे थांबावे. मग साबणाचे पाणी लावून रिम मऊ ब्रशाने आणि टायर थोड्या ताठ ब्रशाने घासावा. नटांच्या खाचांसाठी दातांचा जुना ब्रश छान चालतो. तारेची घासणी मात्र दूर ठेवावी. साबण वाळण्यापूर्वीच चाक स्वच्छ पाण्याने धुऊन पुसून काढावे. समुद्रकाठच्या गावांत हे काम अधिक वेळा करावे, कारण खाऱ्या हवेतील क्लोराइडांमुळे धातू लवकर गंजतो.

धुताना टायर नीट पहावा, कारण स्वच्छ टायरच आपले दुखणे सांगतो. बाजूवर भेगा किंवा फुगवटा आहे का? नक्षीत खिळा रुतला आहे का? नक्षीच्या खोबणीत तळाशी जागोजाग लहान उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. बाजूवर चार आकडी संख्याही कोरलेली असते. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. ह्यांपैकी काही वावगे दिसले, तर घरातल्या मोठ्यांना लगेच सांगावे. चाक धुण्याचा खरा लाभ चमकेपेक्षा ह्या तपासणीतच आहे.

धुतल्यावर ब्रेक ओले असतात आणि ओला ब्रेक सुरुवातीला कमी पकडतो. म्हणून गाडी चालवणाऱ्याने प्रथम सावकाश जाऊन दोन-तीनदा हलका ब्रेक दाबावा. दुसऱ्या दिवशी तबकडीवर तांबूस गंज दिसला, तर घाबरू नये. पातळ असा तो थर ब्रेक लावताच निघून जातो.

ते पाणी कोठे जाते?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिअॅटलच्या परिसरातील ओढ्यांत कोहो सामन जातीचे मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून येतात. जोराचा पाऊस झाला की त्यांतील पुष्कळ मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत. कारण शोधायला अनेक वर्षे लागली. अखेर २०२० मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की टायरमधील ६पीपीडी ह्या ओझोनरोधकाचा ओझोनशी संयोग होऊन जे क्विनोन जातीचे संयुग बनते, तेच ह्या माशांचा जीव घेते. टायरची झीज होऊन रस्त्यावर पडलेले कण पावसाने वाहून ओढ्यात जात होते. म्हणजे जे रसायन टायरचे रक्षण करते, त्याचेच रूपांतर माशांना विष ठरले. जगभरातल्या टायरमध्ये हा ओझोनरोधक वापरला जातो आणि त्याला सुरक्षित पर्याय शोधण्याचे काम सुरू आहे.

ह्या प्रदूषणाचा मोठा भाग रस्त्यावरच्या झिजेतून येतो, चाके धुण्यातून नव्हे. तरीही आपल्या हातात असलेले आपण करावे. गाडी नदीच्या पात्रात किंवा ओढ्याकाठी नेऊन धुऊ नये. नळीने पाणी सोडून देण्याऐवजी बादली वापरावी. नळीतून १० लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर २० मिनिटांत २०० लिटर पाणी जाते, आणि चार चाकांना दोन-तीन बादल्या पुरतात. बादलीच्या तळाशी बसलेला गाळ गटारात न ओतता जुन्या कागदावर वाळवून कचऱ्यात टाकावा.

करून पहा

१. रिमवरची धूळ ओल्या पांढऱ्या फडक्याने टिपून घ्या. फडके एका ताटलीतील पाण्यात हलवा. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या पाण्यात फिरवा. पिशवीला काय चिकटते ते भिंगाने पहा.

२. तीन सारखे रबरबँड घ्या. एक ताणून लाकडी फळीवर बसवा आणि उघड्या हवेत ठेवा. दुसरा तसाच ताणून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. तिसरा न ताणता उघड्यावर ठेवा. काही आठवडे दर रविवारी निरीक्षण करून वहीत नोंद करा. भेगा प्रथम कोणावर आणि कोणत्या दिशेने पडतात?

३. शिक्षकांच्या देखरेखीखाली एका रबरबँडची लांबी मोजून तो एक दिवस रॉकेलमध्ये ठेवा आणि पुन्हा मोजा. तसाच दुसरा पाण्यात ठेवून तुलना करा.

४. शिक्षकांच्या देखरेखीखाली ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचे दोन तुकडे घ्या. एक धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात आणि दुसरा शांपूच्या पाण्यात टाका. बुडबुडे कोठे दिसतात? ते कोणत्या वायूचे असतील?

हे प्रयोग केल्यावर शेजारचे काका पुन्हा ॲसिडची बाटली घेऊन आले, तर त्यांना काय सांगायचे, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही. आधी मळ ओळखावा आणि मगच त्यावरचा उपाय निवडावा, एवढेच त्यांना सांगा.